ऐकणाराही रावीच

एखाद्याचे दुःख शाळेच्या तासाला आणावे का? आणायचे तर कुणी आणावे, कुणाला विचारून आणावे, आणि घंटा वाजून तास संपला की त्या दुःखाचे पुढे काय करावे? वरवर पाहता हा शिक्षणशास्त्राचा प्रश्न वाटतो. आम्हाला तो मुळात नीतीचा प्रश्न वाटतो, आणि त्याचा विचार करण्यासाठी अमेरिकेतील एका उपक्रमाकडे पाहावेसे वाटते.

अमेरिकेत इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र हे विषय 'सोशल स्टडीज' या एकाच नावाखाली शिकवले जातात. हे विषय शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी तेथे उन्हाळ्याच्या सुट्टीत शिबिरे भरतात. त्यांपैकी काही शिबिरांत एक वेगळे काम शिकवले जाते. आपल्याच गावातल्या आफ्रिकन-अमेरिकन वडीलधाऱ्यांच्या आठवणी कशा मिळवाव्यात, कशा तपासाव्यात आणि मुलांपुढे कशा ठेवाव्यात, याचे ते शिक्षण असते. अमेरिकन इतिहासाच्या शिक्षकांना तयार करण्यासाठी २००१ पासून काही वर्षे केंद्र सरकारचे अनुदान होते. मानव्यविद्यांसाठीचा जो राष्ट्रीय निधी आहे, त्यातूनही शिक्षकांना ऐतिहासिक स्थळी नेऊन कार्यशाळा घेण्याची पद्धत पडली. २०२५ च्या एप्रिलमध्ये या निधीच्या अनेक अनुदानांवर अचानक कात्री चालली. तरीही मूळ प्रश्न अनुदानाबरोबर संपत नाही.

मौखिक इतिहासाची गरज तिथे का पडली, हे आधी समजून घेतले पाहिजे. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेकडील अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. त्यामुळे कागद उरले ते मालकांचे. खरेदी-विक्रीचे दस्त, कापसाच्या वह्या, पळून गेलेल्या माणसाला पकडून देण्यासाठी वर्तमानपत्रात दिलेल्या जाहिराती. एका बाजूचा इतिहास लिहिला गेला आणि दुसऱ्या बाजूचा जिभेवर राहिला. ज्याला लेखणी नाकारली त्याच्याकडेच पुढे लेखी पुरावा मागायचा, हा न्याय नव्हे. म्हणून जिभेवरचा इतिहास टिपून घेणे हे तिथे न्यायाचे काम ठरते. पण न्यायाच्या कामातही अन्याय होऊ शकतो. त्याचा एक धडा या शिबिरांत वापरण्यासारखा आहे.

१९३६ ते १९३८ या काळात, मंदीने देश पोळलेला असताना, अमेरिकन सरकारने बेकार लेखकांना काम दिले. त्या योजनेतून सतरा राज्यांत, कधीकाळी गुलाम असलेल्या २,३०० हून अधिक म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती झाल्या. त्यात साउथ कॅरोलिनातील चार्ल्सटन शहरातली शंभरी ओलांडलेली एक स्त्री होती. १९३७ साली तिची मुलाखत दोनदा झाली. पहिल्यांदा जेसी बटलर नावाच्या गोऱ्या बाई आल्या. या बाई सरकारी मदतीच्या कचेरीतल्या असाव्यात असा म्हातारीचा समज झाला, आणि त्यांनी तो दूर केला नाही. म्हातारीने सांगितले की मालक चांगला होता, खायला-ल्यायला देत होता. दुसऱ्यांदा ऑगस्टस लॅडसन नावाचा कृष्णवर्णीय मुलाखतकार आला. तेव्हा त्याच तोंडातून फटक्यांच्या गोष्टी निघाल्या. एका जोडप्याचे लग्न झाले आणि दुसऱ्याच दिवशी नवरीला विकून टाकले. तिच्या आईने संतापून मालकाला शिव्या घातल्या, तर तिलाच धरून नेले, ही हकीकत निघाली. दोन्ही कागदांवर तिचे आडनावसुद्धा एक नाही. एकावर सुझन हॅम्लिन आहे, दुसऱ्यावर सुझन हॅमिल्टन.

शिक्षकांपुढे या दोन मुलाखती शेजारी शेजारी ठेवल्या की पहिला प्रश्न हमखास येतो: यातली खरी कुठली? आमच्या मते हा प्रश्न अपुरा आहे. भुकेच्या दिवसांत, ज्याच्या हाती आपले धान्य आहे असे वाटते त्याच्यापुढे माणूस काय बोलतो, ते पहिल्या मुलाखतीत आहे. आपल्यातल्या माणसापुढे तो काय बोलतो, ते दुसरीत आहे. दुसरी मुलाखत आपल्याला अधिक विश्वासार्ह वाटते आणि तशी ती आहेही. पण पहिलीतूनही एक सत्य कळतेच. गुलामगिरी कायद्याने संपल्याला बहात्तर वर्षे होऊनही ती बाई गोऱ्या माणसापुढे मोकळी झाली नव्हती, हे ते सत्य. हे कळायचे तर सांगणाऱ्याइतकेच विचारणाऱ्याकडे पाहावे लागते.

इथे आम्हाला आपल्या परंपरेतील एका शास्त्राची आठवण होते. हदीसचे संग्रह करणाऱ्या मुहद्दिसांपुढे हाच प्रश्न होता. पैगंबरसाहेबांचे म्हणून सांगितलेले एखादे वचन खरे मानायचे तर कशावरून? त्यांनी वचनाच्या आधी सांगणाऱ्यांची साखळी मागितली. याने ते कुणाकडून ऐकले, त्याने कुणाकडून, ते दोघे खरोखर भेटले होते का, त्यांची स्मरणशक्ती कशी होती, त्यांचा स्वार्थ कशात होता. या साखळीला सनद म्हणतात आणि तिच्यातल्या प्रत्येक दुव्याला रावी. रावी म्हणजे ऐकून पुढे सांगणारा. मौखिक म्हणून ज्ञान कमी प्रतीचे, असे त्या विद्वानांनी मानले नाही. आणि मौखिक म्हणून ते आपोआप पवित्र, असेही मानले नाही. सनद तपासली आणि मगच ती रिवायत स्वीकारली.

चार्ल्सटनच्या त्या दोन कागदांवरून एवढेच ध्यानात येते की मुलाखत घेणारा हाही रावीच असतो. तो साखळीबाहेर उभा राहून नुसते टिपून घेत नाही. त्याचा रंग, त्याचे घराणे, त्याच्या हातातली सत्ता, त्याची घाई, हे सगळे त्या कथनात उतरते. मग त्या कथनाचा वर्गात उपयोग करणारा शिक्षक हा पुढचा रावी झाला. तेव्हा शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा पहिला धडा ध्वनिमुद्रणाच्या यंत्राचा नसावा. 'मी कोण आहे आणि हे माझ्यापाशी कसे आले' हे मुलांना मोकळेपणाने सांगता येणे, हा पहिला धडा असावा.

अमेरिकेत हा धडा सोपा नाही. तिथल्या सरकारी शाळांत दर पाच शिक्षकांपैकी सुमारे चार गोरे आहेत. हे असे का झाले, त्यालाही इतिहास आहे. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकाल थोर होता. पण शाळा एकत्र करताना दक्षिणेत बंद झाल्या त्या बहुतेक काळ्यांच्या शाळा, आणि हजारो कृष्णवर्णीय शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. ज्यांना मुलाच्या आजीचे नाव माहीत होते, कुठल्या चर्चमध्ये कोण गाते हे माहीत होते, ती माणसे शाळेतून बाहेर पडली. गावाची स्मृती आणि गावाची शाळा यांच्यातला सांधा तिथे तुटला. आज शिबिरात बसलेला शिक्षक तो सांधा पुन्हा जोडू पाहतो. त्याची तळमळ खरी असेल, पण पाहुणा आपणच आहोत याचे भान त्याला ठेवावे लागेल.

हे भान नसले की काय होते? तिथल्या काही शाळांत शिक्षकांनी मुलांकडून गुलामांच्या लिलावाचे नाटुकले करवून घेतल्याचे प्रकार उघडकीस आले आणि पालक संतापले. त्या शिक्षकांचा हेतू कदाचित इतिहास जिवंत करण्याचा असेल. परंतु वर्गातल्या काळ्या मुलाला उभे करून त्याची बोली लावणे म्हणजे इतिहास शिकवणे नव्हे. तो अपमान नव्याने करणे आहे. दुसरा प्रकार इतका ढोबळ नाही, म्हणून लवकर ध्यानात येत नाही. एखाद्या वृद्धेला वर्गात बोलवायचे, तिला तिच्या आयुष्यातला सर्वांत वाईट दिवस विचारायचा, मुलांचे डोळे पाणावले की टाळ्या वाजवून तिला निरोप द्यायचा. तिने ऐंशी वर्षांत दुकान चालवले असेल, मुलांना पदवीपर्यंत पोचवले असेल, चर्चच्या गायनवृंदाचे नेतृत्व केले असेल. त्याबद्दल कुणी विचारत नाही. तिच्या जखमेपलीकडे तिचे काही नाही, असाच त्याचा अर्थ होतो. पीडिताला फक्त पीडित म्हणून ऐकणे हीही त्याची किंमत कमी करण्याचीच एक रीत आहे. मराठीत मुस्लिम माणसावर लिहिलेल्या कितीतरी गोष्टी वाचताना आपल्याला हा अनुभव आलेला आहे.

चांगल्या प्रशिक्षणाचे नमुने शोधताना आम्हाला विद्यापीठांच्या आधी चार्ल्सटनचीच एक शिक्षिका आठवते. सेप्टिमा क्लार्क त्यांचे नाव. १९१६ साली तरुण वयात त्या शहराजवळच्या जॉन्स बेटावरील काळ्या मुलांच्या शाळेत शिकवायला गेल्या. पुढे चाळीस वर्षे शिक्षकी केल्यावर, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेचे सदस्यत्व सोडायला नकार दिला म्हणून १९५६ साली त्यांची नोकरी गेली. मग त्यांनी प्रौढांसाठी 'नागरिकत्व शाळा' उभारल्या. पहिली शाळा १९५७ च्या जानेवारीत जॉन्स बेटावर एका दुकानाच्या मागच्या खोलीत भरली. तिच्या शिक्षिका बर्नीस रॉबिन्सन या पेशाने केशरचनाकार. 'मी शिक्षिका नाही' असे त्या म्हणत होत्या, आणि नेमके म्हणूनच त्यांना निवडले होते. पहिल्या दिवशी त्यांनी धडा दिला नाही. तुम्हाला काय शिकायचे आहे, असे विचारले. कुणाला सही करायची होती, कुणाला टपालाने माल मागवण्याचा अर्ज भरायचा होता, आणि सगळ्यांना मतदार यादीत नाव नोंदवण्यासाठी राज्यघटनेतला उतारा वाचायचा होता.

आमच्या विषयाशी याचा संबंध असा, की स्थानिक माणसाच्या ज्ञानापुढे शिक्षकाने विद्यार्थी म्हणून बसावे, ही रीत तिथे कृष्णवर्णीय शिक्षिकांनीच घालून दिलेली आहे. आजच्या शिबिरांना तीच पुढे न्यायची आहे. तिचे व्यवहारातले रूप साधे आहे. भेटीला जाण्यापूर्वी गावाची माहिती करून घ्यावी: जुन्या शिरगणतीच्या नोंदी, चर्चच्या वर्धापनदिनाच्या पुस्तिका, अंत्यविधीच्या वेळी वाटलेल्या जीवनपत्रिका. प्रश्न असे विचारावेत की त्यांना हो-नाही एवढेच उत्तर नसेल. शांतता पडली तर ती घाईने भरून काढू नये. बोलणे कुठे ठेवले जाईल, कोण ऐकेल, हे आधी सांगून लेखी संमती घ्यावी. नको वाटले तर तो भाग गाळण्याचा हक्क सांगणाऱ्याचा ठेवावा. आणि त्याची प्रत त्याच्या घरी पोचती करावी. अमानत म्हणतात ती हीच. दुसऱ्याची वस्तू आपल्यापाशी विश्वासाने ठेवलेली; ती वापरताना मोडायची नाही आणि मागितली की परत द्यायची.

भाषेचाही प्रश्न अमानतीचाच आहे. १९३० च्या दशकात मुलाखतकारांनी त्या माणसांचे उच्चार इतके वेडेवाकडे लिहिले की काही ठिकाणी वाचणाऱ्याला फक्त हसू यावे. कवी स्टर्लिंग ब्राउन त्या योजनेत संपादक होते. उच्चार दाखवण्याच्या नादात माणूस हरवू नये, अशा सूचना त्यांनी काढल्या. आपल्या बोलीची नक्कल करून हशा पिकवणारी पात्रे नाटक-सिनेमात पाहिलेल्या वाचकाला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आता सर्वांत अवघड मुद्द्याकडे येऊ. या आठवणी ऐकून वर्गातल्या गोऱ्या मुलांना अपराधी वाटेल, त्याचे काय? ओक्लाहोमा राज्यात टल्सा नावाचे शहर आहे. १९२१ च्या ३१ मे आणि १ जूनला गोऱ्यांच्या जमावाने तिथली ग्रीनवूड ही काळ्यांची भरभराटीची वस्ती जाळली. पस्तीसच्या आसपास चौक बेचिराख झाले. मृतांचा आकडा तीनशेपर्यंत असू शकेल असा अंदाज आहे. नंतर कित्येक दशके पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख नव्हता. १९९७ साली राज्याने आयोग नेमला, २००१ साली अहवाल आला. त्यासाठी हयात साक्षीदारांच्या हकीकती मिळवण्यात पुढे होत्या एडी फे गेट्स, टल्सातच इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या एक कृष्णवर्णीय शिक्षिका. पुढे २०२१ च्या मे महिन्यात, घटनेला शंभर वर्षे पुरी होत असताना, त्याच राज्यात एक कायदा झाला. वंशामुळे कुणी अपराधी वाटून घ्यावे वा अस्वस्थ व्हावे असे शाळेत शिकवू नये, असे त्यात म्हटले आहे. टल्साचा धडा त्याने बंद केला नाही. पण शिक्षकाच्या मनात धास्ती बसली, की साक्षीदाराचा आवाज ऐकवताना एखादे मूल रडले तर आपण सापडलो. त्याच महिन्यात १०७ वर्षांच्या व्हायोला फ्लेचर यांनी अमेरिकन काँग्रेसपुढे साक्ष दिली. सात वर्षांची असताना त्या रात्री घर सोडून पळावे लागले, ते त्या विसरल्या नव्हत्या. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्या वारल्या.

या कायद्यामागचे एक तत्त्व आम्हाला मान्य आहे आणि ते आपल्याकडे फार जुने आहे. कुणीही दुसऱ्याच्या पापाचे ओझे वाहणार नाही, ही कुराणाची शिकवण आहे. पणजोबाच्या गुन्ह्यासाठी दहा वर्षांच्या मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अधर्मच. जमातीच्या नावाने गुन्हेगार ठरवले जाण्याचे चटके ज्यांनी सोसले आहेत, त्यांनी तरी याबाबत डळमळू नये. पण त्याच ग्रंथाची दुसरीही आज्ञा आहे: साक्ष लपवू नका. न्यायासाठी साक्ष द्या, मग ती स्वतःविरुद्ध वा आईबापांविरुद्ध का जाईना. या दोन आज्ञांत विरोध आहे का? आम्हाला तसे वाटत नाही. पहिली गुन्ह्याविषयी आहे, दुसरी माहितीविषयी. मुलाने गुन्हा केलेला नाही, म्हणून त्याला शिक्षा नाही. परंतु आता त्याला माहीत झाले आहे, म्हणून तो लपवणाऱ्यांत सामील होऊ शकत नाही. अस्वस्थता आणि अपराधीपणा यांत हा फरक आहे. मुलाला अपराधी न करता अस्वस्थ होऊ देणे, आणि त्या अस्वस्थतेत त्याला एकटे न सोडणे, हे शिक्षकाचे कौशल्य आहे. ते शिकवता येते. नुसता कायदा करून किंवा नुसते आवेशाचे भाषण करून ते येत नाही.

शेवटी एका बेटाची हकीकत. जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावर सॅपेलो नावाचे बेट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या मळ्यावर बिलाली मुहम्मद नावाचा गुलाम मुकादम होता. पश्चिम आफ्रिकेतील फुता जालोनचा, दीनी शिक्षण घेतलेला. त्याच्या हातची अरबी पाने जॉर्जिया विद्यापीठात जपलेली आहेत. लोक बरीच वर्षे ती त्याची रोजनिशी समजत. प्रत्यक्षात मालिकी फिकहच्या एका ग्रंथातला वजू-नमाजविषयक मजकूर त्याने आठवणीतून उतरवला होता. १९३० च्या दशकात मुलाखतकार बेटावर गेले तेव्हा त्याची पणती केटी ब्राउन हयात होती. बिलाली आणि त्याची बायको पहाटे चटईवर गुडघे टेकून, मणी हातात घेऊन प्रार्थना करीत, असे तिने ऐकलेले होते. तिची आजी वर्षातल्या एका ठरावीक दिवशी तांदळाच्या गोड चपट्या वड्या करी आणि मुलांना वाटे. बेटावर त्यांना 'सराका' म्हणत, आणि वाटताना आमीन म्हणण्याची रीत होती. १९४० साली हे पुस्तकात छापले गेले.

त्या नोंदी घेणाऱ्यांना 'सराका' हे एका पदार्थाचे नाव वाटावे, यात नवल नाही. हे वाचणाऱ्या कुणाही मुस्लिम माणसाला मात्र त्यात 'सदका' ऐकू येईल. घराण्यातली नमाज गेली, भाषा गेली, धर्म बदलला. गरिबाला आणि मुलांना वाटायचा घास तेवढा राहिला, आणि त्याच्यावरचे नाव राहिले. आता त्या बेटाजवळच्या शाळेतल्या शिक्षकाचा विचार करा. त्याला इस्लामची काहीच ओळख नसेल, तर ही आठवण समोर असूनही त्याला ती ऐकू येणार नाही. ऐकण्यासाठी नम्रता लागते तसा अभ्यासही लागतो. सांगणाऱ्याला स्वतःला ज्याचा अर्थ उरलेला नाही, तेही कधीकधी रावीच्या हाती सोपवलेले असते.

सॅपेलोवरच १९४५ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया वॉकर बेली यांनी पुढे हे काम स्वतःच्या हाती घेतले. २०१७ साली वारेपर्यंत त्या बेटावर येणाऱ्यांना आपल्या तोंडाने आपल्या पूर्वजांची गोष्ट सांगत राहिल्या, २००० साली त्यांनी ती पुस्तकातही लिहिली. बिलालीचे वंशज बेटावरच्या एका छोट्या वस्तीत उरले आहेत. २०२३ साली तिथे मोठी घरे बांधायला स्थानिक प्रशासनाने मोकळीक दिली, तेव्हा वाढत्या करांपायी आपल्याला जमीन सोडावी लागेल या भीतीने रहिवासी न्यायालयात गेले. गोष्ट सांगणारी माणसे जमिनीवर टिकली तरच गोष्ट टिकते. मुलांना ती गोष्ट शिकवणाऱ्या आणि या प्रश्नावर गप्प राहणाऱ्या शिक्षकाने अमानतीचा अर्धाच भाग सांभाळला, असे म्हणावे लागेल.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. जोतीरावांना त्या दूरदेशीच्या झगड्यात आपल्या शूद्रातिशूद्रांचा झगडा दिसला. तेव्हा मुक्त करणाऱ्यांची कीर्ती सातासमुद्रापार पोचली होती. मुक्त झालेल्यांचे स्वतःचे बोलणे मात्र कागदावर यायला बहुतांशी आणखी साठ वर्षे लागली, आणि आले तेही ज्याच्या-त्याच्या कानाप्रमाणे. तो हिशेब आज तिथला शाळामास्तर पुरा करू पाहतो आहे. आपल्या गल्लीतल्या एका म्हातारीसमोर तो वही घेऊन बसतो. तिने बोलावे की नाही, हे तिचे तिने ठरवायचे. ती बोलली तर तिच्या नावापुढे स्वतःचे नाव लिहून, जसे ऐकले तसे पुढे देण्याची जबाबदारी त्याची.